दहा उजेडांचा अल्बम

घाटंजीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत रंजिता राठोडचा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर अजून 'ममता फोटो' असंच लिहिलेलं आहे. ममता ही आधीचे मालक बाबुलालजी यांची मुलगी. ते दुकान रंजिताच्या हवाली करून अकोल्याला मुलाकडे राहायला गेले, त्याला बारा वर्षं झाली. पाटी बदलायची रंजिताला कधी गरज वाटली नाही. कोणी विचारलंच तर ती म्हणायची, "पाटी कोनाची का असंना, तोंड तं तुमीच घेऊन येता ना!"

अशी तिची जीभ. वय त्रेचाळीस, अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत, केसांचा घट्ट अंबाडा, आणि समोरच्या माणसाकडे बाजारात भेंडी मोडून पाहावी तसं पाहायची सवय. पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसाला ती आधी नुसती न्याहाळायची. तेवढ्यात त्या माणसाला कळून चुकायचं की आपली हनुवटी चुकली, कान चुकले, आणि सासऱ्याच्या लग्नातला कोट घालून आलो ही तर फारच मोठी चूक झाली. तरी लोक तिच्याकडेच येत. तिनं काढलेला फोटो कुठल्या कचेरीतून परत आला असं आजवर झालं नव्हतं. तिचा नवरा सुनील एसटीत वाहक आहे. तो हसून म्हणायचा, "तू फोटो काढतं का पंचनामा करतं, तेच समजत नाई."

एकोणिसाव्या वर्षी ती बंजारा तांड्यावरून बाबुलालजींकडे कामाला आली होती, फोटो कापायला. सहा महिन्यांत कॅमेरा शिकली आणि सातव्या महिन्यापासून बाबुलालजींच्या फोटोंचा तिला वीट आला. त्यांची एकच तऱ्हा. डावीकडून दिव्याची छत्री, उजवीकडून दिव्याची छत्री, दोन्हीकडून सारखा लख्ख उजेड. तोंडावर सावलीचा ठिपका उरता कामा नये. "बेटी, गिऱ्हाइकाले सावली दाखवू नको," ते सांगायचे, "सावली त्याच्या घरी लय असते." त्यामुळे त्या स्टुडिओतून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस, मग तो तलाठी असो की तेलघाणीवाला, एकाच पिठाचा एकाच लाटण्यानं लाटलेला दिसायचा. रंजिताला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. आणि तरी वीस-बावीस वर्षं तिनं तेच केलं. पुढे कॉम्प्युटर आला, मग तर एका बोटानं सावळ्या नवऱ्या गोऱ्या होऊ लागल्या. लग्नाचे जाड अल्बम गिऱ्हाइकाच्या हाती देताना ती मनात म्हणायची, घ्या, मैद्याच्या पुऱ्या. आणि हे म्हणताना पुऱ्या तळणाऱ्या बाईबद्दलही तिचं मत काही चांगलं नसायचं.

गेल्या वर्षी माघात तिला पुंडलिकरावांचं बोलावणं आलं.

पुंडलिकराव म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. पन्नास एकर कापूस-तूर, एक शिक्षणसंस्था, तिच्या चार शाळा, आणि गावात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर हात जोडून उभं असलेलं त्यांचं फ्लेक्स. त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. नुसतं भाऊ म्हटलं तर त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होणार होती आणि अमृतमहोत्सव व्हायचा होता. बंगल्याच्या दिवाणखान्यात ते सोफ्यावर बसले होते आणि शेजारी त्यांची नात सलोनी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. सलोनी पुण्याला डिझाइन शिकत होती.

"ताई, कॉन्सेप्ट असा आहे," सलोनी म्हणाली. "एक फोटोबुक करायचं. दहा माणसं. प्रत्येकाचा चेहरा वेगळ्या उजेडात. एक चुलीच्या, एक कंदिलाच्या, एक समईच्या. असे नऊ सामान्य माणसांचे फोटो, आणि शेवटचा आजोबांचा. सूर्यप्रकाशात."

"म्हणजे सगळ्या उजेडांचं मूळ," पुंडलिकरावांनी समजावून सांगितलं. समजलं नसेल तर म्हणून त्यांनी छताकडे बोटही दाखवलं. "पुस्तकाचं नाव मीच ठेवलं. तालुक्याचं तेज."

रंजितानं त्यांच्याकडे पाहिलं. पंच्याहत्तर वर्षांचं तेज पान चघळत होतं आणि त्याच्या कानामागे केसांचा काळा रंग ओघळून वाळला होता. तिच्या मनात आलं, नाही म्हणावं आणि उठावं. पण सलोनीच्या त्या वेडगळ कल्पनेतली एक गोष्ट तिच्या डोक्यात कुसळासारखी रुतली. एक माणूस, एक उजेड. दुसरी छत्री नाही. बावीस वर्षांत तिला असं काही करायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला सांगितलं नव्हतं.

"यादी दाखवा," ती म्हणाली. यादी वाचून तिला हसू आवरेना. "चूल, कंदील, समई, दिवटी, शेकोटी. सलोनीताई, हा कंदील कोनाच्या घरी पाह्यला तुमी?"

"अरेंज करू ना! मी ऑनलाइन मागवलाय."

"मंग तो पुन्याच्या माणसाच्या हाती द्या. आमच्या माणसायले मी त्यायच्याच उजेडात काढीन."

सलोनीनं 'ऑथेंटिक' असं काहीतरी म्हणत मान डोलावली. पुंडलिकरावांना आपला सोडून इतर नऊ उजेडांत रस नव्हता. त्यामुळे रंजिताला मोकळं रान मिळालं.

पहिला फोटो कौसल्याचा. कौसल्याची पिठाची गिरणी आहे, टिनाच्या खोपटात. टिनात एका जागी पारदर्शक पत्रा बसवलेला, त्यातून अकरा ते साडेअकरापर्यंत उन्हाचा एक पट्टा थेट गिरणीच्या तोंडावर पडतो. रंजिता तीन दिवस नुसती तो पट्टा पाहायला गेली. स्टुडिओत बटन दाबलं की उजेड हजर व्हायचा, घरगड्यासारखा. इथे तोच उशिरा यायचा आणि न विचारता निघून जायचा. चौथ्या दिवशी कौसल्या ज्वारी ओतत असताना पिठाचा लोट त्या पट्ट्यात उठला आणि तिचा चेहरा, भुवया, पापण्या, नाकाचा शेंडा, सगळं त्यातून वर आलं. रंजितानं एकदाच बटन दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि पुन्हा पाहिलं.

"वाईट आला का?" कौसल्यानं विचारलं.

"नाई," रंजिता म्हणाली, आणि पुढे एखादा टोमणा जोडायचं तिला सुचलंच नाही. कौसल्या नंतर गल्लीत सांगत सुटली, की रंजिताची तब्येत बरी नाही वाटते.

मग मारोती. तो लोखंडी दरवाजे, खिडक्या करतो. वेल्डिंगच्या निळ्या लखलखाटात त्याचा फोटो काढायचा म्हणजे डोळे सांभाळायचे. रंजितानं काळी काच धरून सगळं आधी जुळवून घेतलं. मारोतीनं तोंडापुढे धरलेल्या ढालीमुळे चेहरा दिसत नव्हता, पण गळा, हनुवटीची खालची कड आणि दोन्ही हात निळे-पांढरे पेटले होते. त्या हातांवर जुन्या चटक्यांचे इतके डाग होते की वाचत बसावं.

अमरसिंग पेट्रोल पंपावर कामाला. दिवेलागणीला छताखालचे पांढरे दिवे लागले की तिथल्या प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात, कारण उजेड सरळ डोक्यावरून येतो. पहिले वीस फोटो वाया गेले. रंजिता चिडली. "तुह्याकडे पाह्यलं तं वाटते कवटी पेट्रोल भरून राह्यली." तो बिचारा वरमला आणि गिऱ्हाईक नव्हतं म्हणून पेपर उघडून बसला. पेपराच्या पानावरून उजेड उलटून त्याच्या चेहऱ्यावर आला, मऊ, खालून. खड्ड्यांत डोळे उमटले. रंजितानं फोटो काढला. असल्या वेळी ती स्वतःवर चरफडायची. वीस वर्षं दोन छत्र्यांच्या मधे बसलो, आणि एका पेपराचं काम आपल्याला ठाऊक नव्हतं!

चुलीचा फोटो मात्र सलोनीला हवाच होता, आणि तोही तांड्यावरच्या म्हातारीचा, आरशांच्या काचोळीत. रंजितानं पुष्कळ टाळलं. शेवटी सलोनी गाडी घेऊन स्टुडिओसमोर उभी राहिली, तेव्हा ती तिला आपल्याच आईकडे, सुखीबाईकडे घेऊन गेली. एकदा हिलाच पाहू दे, म्हणाली मनात.

सुखीबाई पासष्टीपुढची. काटक, साडी नेसणारी, आणि तोंडानं लेकीच्या वरताण. सलोनीनं तिला चुलीपुढे बसायची विनंती केली.

"चूल?" सुखीबाई म्हणाली. "चूल मोडून चार वर्सं झाली. गॅस हाय. तुह्या घरी चूल हाय का, पोरी?"

"नाही, आजी."

"मंग मले काहून बसवतं?"

"फोटो सुंदर येईल, आजी. धूर, ती लाल आच..."

"चाळीस वर्सं बसलो तिच्यापुढं. डोळे गेले. तवा कोनी फोटो काढाले आलं नाई." सुखीबाई रंजिताकडे वळली. "छोरी, मले फ्रिजपुढं काढ."

"फ्रिजपुढं?" सलोनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"फ्रिज उघडला का लाइट लागते ना आत? मंग? लाइटच पाह्यजे ना तुमाले?"

रंजिता इतकी हसली की तिला उंबरठ्यावर बसावं लागलं. सुखीबाईनं तो फ्रिज सहा हंगाम लोकांच्या वावरात कापूस वेचून घेतला होता, पोरांकडून छदाम न घेता. त्याच्यावर क्रोशाची झालर होती, आणि रोज सकाळी देवाच्या आधी तो पुसला जायचा. रंजितानं दार लावलं, खिडकीवर गोधडी टाकली, खोलीत अंधार केला. "याडी, उघड," ती आईला म्हणाली. सुखीबाईनं फ्रिजचं दार उघडलं आणि थंड पांढरा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर सांडला. कपाळावरचं गोंदण, गालाच्या सुरकुत्या उजळल्या, आणि घरमालकिणीच्या नजरेनं ती आत पाहत होती. तिथे दोन पाण्याच्या बाटल्या, एक ताकाची बरणी आणि अर्धं लिंबू होतं. साऱ्या दहा फोटोंत एवढा रुबाब दुसऱ्या कोणाचा आला नाही.

सुखीबाईनं कॅमेऱ्यात फोटो पाहिला. स्वतःच्या चेहऱ्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. "बाटल्या सपष्ट आल्या," ती म्हणाली. "चांगला हाय."

मग सलोनीनं गाडी परत वळवली. गाव आल्यावर म्हणाली, "चुलीचं आपण नंतर बघू." त्या 'बघू'कडे रंजितानं तेव्हा लक्ष दिलं नाही.

असे, बाकीचे पाच धरून, नऊ झाले. राहिले पुंडलिकराव.

सूर्यप्रकाशातला फोटो त्यांच्याच वावरात काढायचा ठरला, डोक्यामागे सूर्य धरून, म्हणजे तेजोवलय दिसेल. तेजोवलयात केसांचा रंग जांभळा दिसला आणि कान मागून उजेड येऊन पिकल्या टमाट्यासारखे लाल. दुसरा दिवस समोरून ऊन घेण्यात गेला; त्यांना डोळे उघडे ठेवता येईनात आणि मिटले तर ते झोपलेले दिसत. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुह्या कॅमेऱ्यातच दोष हाय."

"असंल," रंजिता म्हणाली. "सूर्य तं कंपनीचा हाय."

चौथ्या दिवशी ती दुपारी बंगल्यावर गेली, पुढच्या प्रयत्नाची वेळ ठरवायला. वीज गेली होती. दिवाणखान्याचे पडदे उन्हासाठी ओढलेले, आत गच्च अंधार. पुंडलिकराव एकटेच सोफ्यावर बसले होते, मोबाईलवर ओणवे होऊन. कोणीतरी त्यांच्या अमृतमहोत्सवाची जाहिरात आधीच गावच्या ग्रुपवर टाकली होती आणि ते शुभेच्छा वाचत होते. अंगठ्यानं वर जात होते, खाली येत होते, पुन्हा वर जात होते. मोबाईलचा निळसर उजेड खालून त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. ओठ अर्धवट उघडे. पानाचा लाल डाग. आणि डोळ्यांत शाळेच्या फळ्यावर लावलेल्या निकालात आपलं नाव शोधणाऱ्या पोराची अधाशी धास्ती. रंजिता दारातच थांबली. बावीस वर्षांत तिला कोणत्याच गिऱ्हाइकाची दया आली नव्हती. या क्षणीही आली नाही. पण हा माणूस पहिल्यांदाच तिला खरा दिसला, आणि खरं दिसलेलं सोडून देणं तिच्या हाताला जमेना. तिनं कॅमेरा वर केला.

आवाजानं ते दचकले. "काय केलं?"

"झाला," रंजिता म्हणाली. "तुमचा झाला, भाऊसाहेब."

आठ दिवसांनी तिनं दहाही फोटो मोठे करून दिवाणखान्यातल्या टीपॉयवर मांडले. पुंडलिकराव एकेक उचलत गेले आणि त्यांचा चेहरा पडत गेला. मारोतीचा निळा. अमरसिंगचा काळपट. सुखीबाई अर्धी अंधारात. फक्त कौसल्याच्या फोटोपाशी ते थांबले. "ही बाई बरी हाय. गोरी हाय."

"ते पीठ हाय," रंजिता म्हणाली.

मग त्यांच्या हाती दहावा आला. त्यांनी तो खिडकीकडे धरून पाहिला.

"हा कोन हाय?"

"तुमीच."

"मी असा हाय?"

"त्या दिवशी होते."

फोटो त्यांनी पालथा घातला. मग खुर्चीत ताठ बसले आणि सभेतल्या भाषेवर आले. "हे पाहा रंजिताबाई, हे तालुक्याचं तेज आहे. तालुक्याचा अंधार नाही. सगळे फोटो उजळ करा. चेहरे उजळ, पार्श्वभूमी उजळ. आणि माझा तो मागच्या वर्षीचा, फेट्यातला घ्या."

"उजळ केल्यावर उजेड कोनता ते कसं समजन? सगळे सारखेच दिसतीन."

"दिसू दे की सारखे! वाईट काय त्याच्यात?"

"मी नाई करत."

त्यांचा आवाज चढला. "काहून नाई करत? लग्नात तं साऱ्या नवऱ्या गोऱ्या करतं तू! तवा कुठी जाते हा ताठा?"

हे मात्र वर्मी लागलं. रंजितानं उत्तर दिलं, पण ते तिचं तिलाच तोकडं वाटलं. "त्या पोरी मले सांगतात गोरं कर म्हून. यायनं सांगतलं का? या नऊ जणायले विचारा. हो म्हनले तं करतो."

"त्यायले काय विचाराचं!" पुंडलिकराव म्हणाले.

ती उठली. सलोनी दारापर्यंत आली. फोटोंचा पेनड्राइव्ह आधीच तिच्याकडे होता. "ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी बघते," ती म्हणाली. रंजितानं तिच्याकडे पाहिलं, भेंडी पाहावी तसं. जून होती.

अमृतमहोत्सव चैत्रात झाला. मंगल कार्यालयात दोन-अडीच हजार माणूस, व्यासपीठावर हार, मागे मोठा पडदा. ज्यांचे फोटो होते त्या नऊ जणांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. शाल-श्रीफळ मिळणार होतं. रंजिताला कोणी बोलावलं नव्हतं. सुखीबाईला घेऊन ती आली आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिली. पुस्तकाची चकचकीत प्रत हातोहात फिरत तिच्यापर्यंत आली. छायाचित्रकार म्हणून नागपूरच्या कुठल्याशा एजन्सीचं नाव होतं. त्याचं तिला काही वाटलं नाही. मग तिनं पुढचं पान उलटलं.

सगळे गोरे होते. मारोतीच्या हातांवरचे चटके घासूनपुसून काढले होते आणि निळा उजेड पिवळा केला होता. तो आता एखाद्या दुकानातला नवा पुतळा दिसत होता. अमरसिंगच्या हातात पेपराऐवजी झेंडूचं फूल होतं. ते कुठून आलं, देव जाणे. कौसल्याच्या चेहऱ्यावरचं पीठ म्हणजे डाग असावेत असं समजून तेही पुसलेलं होतं. दहाही उजेड मेले होते.

तेवढ्यात पडद्यावर एकेक फोटो मोठा होऊन येऊ लागला आणि निवेदक गहिवरल्या आवाजात ओळ वाचू लागला. "आणि ही आपली तांड्यावरची माउली! चुलीच्या मंद प्रकाशात, पिढ्यान्‌पिढ्यांची ऊब जपणारी..."

पडद्यावर सुखीबाई होती. तिच्यापुढे फ्रिज नव्हता. फ्रिजच्या जागी कॉम्प्युटरवर एक चूल बसवली होती, तीन दगडांची, लालभडक. जाळ खाली आणि उजेड बाजूनं. बाटल्या गायब.

पहिल्या रांगेत सुखीबाई उभी राहिली.

"ही चूल कोनाची हाय?"

निवेदक थांबला. त्याला वाटलं, म्हातारीला काही हवं आहे. "आजी, बसा, बसा. पाणी पाहिजे का?"

"पानी नाई पाह्यजे. माहा फ्रिज कुठी गेला?"

मागे कोणीतरी हसलं. सुखीबाईनं पदर खोचला. तिच्या आवाजाला माइकची गरज नव्हती. कापसाच्या वावरात एका टोकाच्या धुऱ्यावरून दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यावरच्या बाईला हाक मारायची तिला सवय. "माह्या घरी गॅस हाय. मी फ्रिजपुढं फोटो काढला. सहा सालं कापूस येचला मी त्याच्यापायी. या मानसानं माहा फ्रिज काढला अन् मले चूल देल्ली!"

सभागृह खो खो हसू लागलं. पुंडलिकराव माइकपाशी आले, हात जोडून. "आजी, भावना समजून घ्या. ही प्रतीकात्मक चूल आहे."

"मंग परतिकात्मक सयपाक तूच कर बापा तिच्यावर!"

आता व्यासपीठावरचे पाहुणेही तोंडावर रुमाल धरू लागले. कौसल्यानं बसल्या जागेवरून विचारलं, "भाऊसाहेब, माहं पीठ काहून पुसलं? गिरनी हाय माही, ब्युटी पार्लर नाई." अमरसिंगला बोलायचा धीर झाला नाही, पण त्यानं पुस्तक उघडून शेजाऱ्याला आपल्या हातातलं फूल दाखवलं आणि तो शेजारी खुर्चीवरून पडायच्या बेतात आला. निवेदकानं घाईघाईनं स्वागतगीत लावायला सांगितलं. सुखीबाईनं शाल घेतली, नारळ घेतला, आणि पुस्तक व्यासपीठाच्या कडेला ठेवून दिलं. "हे तुमीच ठेवा," म्हणाली.

रंजिता घरी येताना गाडीवर हसत होती, पण तिचं हसणं लवकर आटोपलं. लोक हसले म्हणून ते पुस्तक काही परत गेलं नाही. पाचशे प्रती छापल्या होत्या. शाळाशाळांतून वाटल्या जाणार होत्या. पोरांना वाटणार, आपल्या गावची माणसं अशीच बिनसुरकुतीची असतात. आणि हे करणारी बोटं नागपूरची असली, तरी ती कला गावाला कोणी शिकवली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं स्वतःचं पुस्तक करायला घेतलं. तिला एकाच प्रकारचं पुस्तक करता येत होतं, लग्नाचा अल्बम. यवतमाळच्या ज्या माणसाकडून ती अल्बम बांधून घ्यायची त्याला तिनं दहा जाड पानं सांगितली. त्याच्याकडे कव्हरं फक्त लग्नाचीच होती, लाल मखमल, वर सोनेरी 'शुभविवाह'. "याच्यातच बांध," ती म्हणाली. "तसंबी कोनाचं तरी कोनाशी जमतेच हाय."

बांधायच्या आधी ती नऊही जणांकडे फोटो घेऊन गेली. तिला हे फार अवघड गेलं. माणसांना विचारायची तिला सवय नव्हती. मारोतीनं हात धुऊन फोटो हातात घेतला आणि आपल्याच चटक्यांवर बोट ठेवत कुठला कोणत्या दरवाजाचा ते सांगितलं. अमरसिंग म्हणाला, थोडा गोरा केला तर बरं होईल. रंजिताच्या जिभेवर काय काय आलं! पण तिनं विचारलं होतं आणि त्यानं सांगितलं होतं. तिनं दात ओठ खात त्याचा चेहरा जरासा उजळला. अल्बममधलं तेच पान सर्वांत वाईट आहे, आणि ती ते कोणालाही सांगते.

राहिला दहावा. तो न विचारता लावावा, असं सुनीलनंही सुचवलं. "त्यानं कोनाले विचारलं होतं?" पण दिवाणखान्यात आपण काय बोललो ते रंजिताला आठवत होतं, आणि पुंडलिकरावांसारखं वागायचा तिला मनापासून तिटकारा होता. ती बंगल्यावर गेली.

पुंडलिकराव व्हरांड्यात बसले होते. महोत्सव सरला होता, फ्लेक्स उतरले होते. त्यांनी तिला बस म्हटलं नाही. तिनं फोटो पुढे धरला आणि सरळ विचारलं, "माह्या अल्बममधी लावू का?"

त्यांनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, दूर धरला. आपला चेहरा त्यांनी पुष्कळ वेळ पाहिला. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"हा मी नाहीच," ते म्हणाले.

"भाऊसाहेब, सोफा बी तुमचाच हाय."

"सोफा असेल. माणूस मी नाही. दुसराच कोणी आहे. मग माझी परवानगी कायले मागतं? लाव, नाई तं फेकून दे."

रंजितानं फोटो परत घेतला. माणूस स्वतःच्या तोंडाला ओळख द्यायला तयार नाही, यापेक्षा खाली कोणाला जाता येत असेल असं तिला वाटेना. "ठीक हाय," ती म्हणाली. "मंग नाव नाई लिहीत."

आता तो अल्बम स्टुडिओच्या बाकावर असतो. पासपोर्ट फोटोला आलेली माणसं थांबली की उचलतात, 'शुभविवाह' वाचून उघडतात आणि गोंधळतात. निम्मे लोक म्हणतात, फोटो काळे आलेत. काही जण पानावर बोट ठेवून विचारतात, हा उजेड कशाचा? रंजिता कॅमेऱ्यामागून सांगते, वेल्डिंगचा, गिरणीचा, फ्रिजचा. दहाव्या पानाखाली फक्त 'मोबाईल' असं लिहिलेलं आहे. ते पान आलं की माणूस थांबतो, डोळे बारीक करतो, मान वर करून रंजिताकडे पाहतो.

"हे तं..."

"नाई," रंजिता म्हणते. "ते नाईत. त्यायनंच सांगतलं. चला, हनुवटी खाली."